मोबाईल हिसकावून पोरगी शिकत नसते, राजेहो!

पोस्ट लांब आहे. चहा घेऊन बसा आणि शेवटपर्यंत वाचा. अर्ध्यावर सोडून कमेंट टाकू नका, एवढीच विनंती.

मागच्या महिन्यात आमच्या तालुक्याच्या गावी दहावी-बारावीच्या गुणवंतांचा सत्कार होता. बातमीसाठी मीही गेलो होतो. मंडप, शाल-श्रीफळ, पोरांच्या हातात प्रमाणपत्रं, मागच्या रांगेत घामाघूम झालेले मायबाप. सगळं नेहमीसारखंच. मग प्रमुख पाहुणे उठले. नाव लिहीत नाही, कारण पक्ष कोणताही असो, हे भाषण सगळे सारखंच करतात. म्हणाले, "विद्यार्थी मित्रांनो, हा मोबाईल म्हणजे विष आहे विष! ज्या दिवशी मोबाईल फेकाल, त्या दिवशी तुम्ही कलेक्टर व्हाल!"

टाळ्या पडल्या. मायबापांनी तर जास्तच जोरात वाजवल्या.

गंमत म्हणजे त्याच भाषणाचं फेसबुक लाईव्ह सुरू होतं. साहेबांचा माणूस दोन हातांत दोन मोबाईल धरून स्टेजसमोर उभा होता आणि भाषण संपल्याबरोबर साहेबांनी पहिलं काय केलं असेल, तर किती जण पाहून राहिले ते विचारलं.

मी काय केलं? तेच वाक्य वहीत उतरवलं आणि बातमी दिली. तीन कॉलम, फोटोसह. शीर्षक, "विद्यार्थ्यांनो, मोबाईलपासून दूर राहा". माझ्या हातून अशा बातम्या वीस वर्षांत पंचवीस-तीस तरी गेल्या असतील. कधी काही वाटलं नाही.

यावेळी वाटलं, कारण चार दिवसांनी एक बाई घरी आली. शेतमजुरीला जाते. सोबत तिची पोरगी. पोरीनं यंदा दहावीत चांगले मार्क घेतले, अकरावी सायन्सला नंबर लागला. त्या सत्कारात तीही होती. बाईच्या हातात माझ्या बातमीचं कात्रण. म्हणाली, "भाऊ, तुमीच त छापलं ना पेपरात. म्हून मी इचा मोबाईल काढून घेतला. आता हे चार दिवसांपासून धड जेवत नाई. तुमीच समजवा इले."

पोरगी दारातच उभी. मान खाली. मी विचारलं, काय पाहत होतीस मोबाईलवर? तिनं काही न बोलता पिशवीतून वही काढून दिली.

गणिताची वही. समासात बारीक अक्षरात आकडे लिहिलेले. १२.४०. १७.०५. २३.१०. मला आधी समजलंच नाही. मग ती म्हणाली, "काकाजी, व्हिडिओत ज्या मिनिटाले मले नाई समजलं, थे लिहून ठेवते. मंग पुन्हा तिथूनच पाहते." आमच्या गावात अकरावी सायन्सची शिकवणी नाही. नागपूरला आहे. जायला-यायला एसटीनं तीन तास आणि वर्षाची फी म्हणजे त्या माऊलीची दोन हंगामांची मजुरी. या पोरीचा शिकवणीचा मास्तर त्या मोबाईलमध्ये होता. आणि तो मास्तर मी, माझ्या बातमीनं, काढून घेतला होता.

अजून एक. मोबाईल घरात एकच. पोरीकडून काढून घेतला तो कपाटात ठेवला असेल असं मला वाटलं. नाही. तो तिच्या लहान भावाच्या हातात होता. तो अंगणात बसून गेम खेळत होता. "थो लहान हाय ना अजून," माय म्हणाली.

आता सांगा, त्या भाषणानं नेमकं कोणाचं भलं झालं?

तुम्ही म्हणाल, एका घराची गोष्ट आहे. ठीक आहे, आकडे पाहू. 'असर' नावाचा अहवाल आहे, ग्रामीण भागातल्या घरांत जाऊन पोरांना वाचायला लावून, गणितं घालून तयार होतो. २०२४ च्या अहवालात देशभरातल्या १४ ते १६ वयाच्या पोरांना स्मार्टफोनबद्दल विचारलं. ८२ टक्क्यांहून जास्त पोरांना तो वापरता येतो. आधीच्या आठवड्यात अभ्यासासाठी वापरला म्हणणारी ५७ टक्के. सोशल मीडियासाठी वापरला म्हणणारी ७६ टक्के. आणि ज्यांना वापरता येतो त्यांच्यापैकी स्वतःचा फोन किती जणांकडे? मुलांमध्ये ३६ टक्के, मुलींमध्ये २७.

हे आकडे दोन्ही बाजूंनी वाचता येतात, आणि दोन्ही बाजूंनी वाचले पाहिजेत. रील पाहणारे अभ्यास करणाऱ्यांपेक्षा जास्त आहेत, हे खरंच आहे. मी नाकारत नाही. पण शंभरातली ५७ पोरं त्याच यंत्रावर अभ्यासही करतात, हेही तितकंच खरं आहे. ही ५७ पोरं कोणाच्या भाषणात येतात का? यांच्यासाठी कोणी टाळ्या वाजवतो का? आणि बंदीची लाट आली की पहिला फोन कोणाच्या हातून जातो, हे त्या ३६ आणि २७ मधल्या फरकाकडे पाहून ओळखा.

आपल्या विदर्भातलंच उदाहरण घ्या. यवतमाळ जिल्ह्यात पुसद तालुक्यातलं बान्सी गाव. नोव्हेंबर २०२२ मध्ये तिथल्या ग्रामसभेनं १८ वर्षांखालच्या मुलांना मोबाईल बंद, असा ठराव केला. देशभर बातम्या झाल्या. कोरोनाच्या काळात पोरांच्या हाती मोबाईल आला आणि नाद लागला, ही गावाची तक्रार खोटी नव्हती. गावाची कळकळ मला समजते. पण त्याच वर्षी, तीन महिने आधी, सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगावनं दुसरा मार्ग काढला होता. संध्याकाळी सात वाजता मंदिरावरचा भोंगा वाजतो. टीव्ही बंद, मोबाईल बंद. दीड तास. साडेआठला पुन्हा भोंगा, मग ज्याचं त्याचं मोकळं.

फरक लक्षात घ्या. बान्सीनं वयावर बोट ठेवलं, वडगावनं वेळेवर. बान्सीत पोरं सोडणार, मोठे तसेच. वडगावात बापाचाही फोन खाली, आईची मालिकाही बंद. एका ठरावात पोरांना सांगितलं की तुम्ही गुन्हेगार आहात. दुसऱ्यात सांगितलं की हे सगळ्यांनाच सुटत नाही, चला, आपण सगळेच दीड तास सोडू. मला विचाराल तर दुसऱ्या गावाला तंत्रज्ञान जास्त कळलं आहे.

माझा मुद्दा एवढाच आहे. आपण पोरांच्या मनात मोबाईलबद्दल, कॉम्प्युटरबद्दल, आता या एआयबद्दल लाज पेरून राहिलो. आणि लाजेनं वापर थांबत नाही, तो फक्त लपतो. लपून वापरायचा झाला की पोरगं काय पाहील? पांघरुणात, आवाज बंद करून, कोणाची चाहूल लागली की बंद करता येईल असं. म्हणजे रील. ४० मिनिटांचा त्रिकोणमितीचा व्हिडिओ, हातात वही-पेन घेऊन, मध्ये मध्ये थांबवत, पांघरुणात पाहता येत नाही. त्याला उजेड लागतो, बसायला जागा लागते आणि घरच्यांची परवानगी लागते. ज्या घरात मोबाईल उघड वापरता येतो तिथंच तो अभ्यासाला लागतो. बंदीनं रील वाचतात, अभ्यास मरतो. उलटं झालेलं मी अजून पाहिलं नाही.

आणि दुटप्पीपणा पाहा. दहा वर्षं पोराला सांगायचं, स्क्रीन म्हणजे विष. अकरावीचा प्रवेश मात्र ऑनलाईन. २०२५-२६ पासून तर अख्ख्या महाराष्ट्रात, गावखेड्यातल्या कॉलेजलासुद्धा, केंद्रीय ऑनलाईन पद्धतीनंच. पसंतीक्रम भरा, ओटीपी टाका, फेरी पाहा. शिष्यवृत्ती महाडीबीटी पोर्टलवर. एमएचटी-सीईटी संगणकावर. जेईई मेन संगणकावर. २०२३ ची तलाठी भरतीची परीक्षासुद्धा संगणकावरच झाली. ज्या पोरीनं आयुष्यात माऊस धरला नाही, तिला परीक्षा केंद्रात बसवायचं, समोर घड्याळ उलटं धावतंय, आणि तिचे हात थरथरून राहिले. तिला उत्तर येत नाही म्हणून नाही. बटण दाबलं तर काही बिघडेल, ही भीती आपणच तिच्यात भरली म्हणून.

शहरातल्या पोरांना ही अडचण नाही. धरमपेठेतल्या पोराला कोचिंगवाले स्वतःच टॅब देतात, त्याचे पैसे फीमध्ये धरलेले असतात. त्या टॅबला कोणी विष म्हणत नाही, त्याला 'स्टडी मटेरियल' म्हणतात. विष फक्त कुही-भिवापूरच्या, पारशिवनी-रामटेकच्या पोरीच्या हातातला सात हजाराचा फोन. एकच यंत्र. श्रीमंताच्या घरी अभ्यास, गरिबाच्या घरी नाद.

ही भीती मला नवी नाही. मी पत्रकारितेचा डिप्लोमा केला तेव्हा तालुक्याच्या बातमीचं पाकीट एसटीच्या कंडक्टरजवळ देत होतो, नागपूरला कोणी तरी बसस्टँडवर जाऊन घेत असे. मग ऑफिसात कॉम्प्युटर आले. आमच्यातले जुने जाणते म्हणाले, आता भाषा मरणार, माणसं घरी बसणार. मीही घाबरलो होतो. मग एमएस-सीआयटी सुरू झालं, पुढं सरकारी नोकरीला ते सक्तीचं झालं, आणि पन्नाशीचे मास्तर, ग्रामसेवक, तलाठी पोराच्या वयाच्या शिक्षकासमोर बसून माऊस धरायला शिकले. पहिल्या दिवशी माऊस हवेत धरणारे मी डोळ्यांनी पाहिले. तेच लोक आज व्हॉट्सॲपवर सकाळी गुलाबाचं फूल पाठवतात. त्यांची भीती कशानं गेली? भाषणानं नाही. कोणी तरी बाजूला बसलं आणि चुकू दिलं म्हणून गेली.

आता एआय. शिक्षक मित्र तक्रार करतात की वर्गातल्या दहा पोरांनी निबंध दिला, दहाही एकसारखे, सगळे मशीननं लिहिलेले. खरी तक्रार आहे. मी तिला हसणार नाही. यावर तुर्कस्तानात एक चांगला अभ्यास झाला, जवळपास हजार शाळकरी पोरांवर, गणितात. एका गटाला साधा चॅटबॉट दिला. सरावात त्यांची कामगिरी ४८ टक्क्यांनी सुधारली. मग तो काढून घेऊन परीक्षा घेतली, तर ज्यांना कधीच मिळाला नव्हता त्यांच्यापेक्षा ती १७ टक्क्यांनी खाली गेली. म्हणजे कुबडी झाली होती. पण तिसरा गट होता. त्यांच्या चॅटबॉटला असं बांधलं होतं की उत्तर द्यायचं नाही, इशारा द्यायचा. ती पोरं सरावात सगळ्यात पुढं गेली आणि परीक्षेतही त्यांचं नुकसान जवळपास झालं नाही.

यंत्र तेच. फरक विचारण्यात. "उत्तर दे" म्हणालं की डोकं बंद. "मी इथं अडकलो, पुढची एकच पायरी सांग" म्हणालं की डोकं सुरू. हे पोरांना कोण शिकवणार? फेका म्हणणारे पाहुणे तर नक्कीच नाही.

याचा सगळ्यात चांगला पुरावा आपल्या नागपुरात आहे. दिव्या देशमुख. २८ जुलै २०२५ ला, १९ व्या वर्षी, जॉर्जियातल्या बाटुमीमध्ये कोनेरू हंपीला हरवून तिनं महिला विश्वचषक जिंकला आणि ग्रँडमास्टर झाली. त्याआधी रौनक साधवानी, संकल्प गुप्ता. एका नागपुरानं किती दिले पाहा. आता बुद्धिबळाचा विचार करा. १९९७ मध्ये डीप ब्लू या कॉम्प्युटरनं जगज्जेत्या कास्पारोव्हला हरवलं. आज मोबाईलमधलं फुकटचं इंजिनसुद्धा जगातल्या कोणत्याही माणसाला हरवतं. मग बुद्धिबळ संपलं का? माणसांनी डोकं लावणं सोडलं का? उलट झालं. आजचा प्रत्येक मोठा खेळाडू इंजिनसमोर बसून तयारी करतो, हजारो जुने डाव डेटाबेसमध्ये पाहतो, लहान गावातलं पोरगं रात्री ऑनलाईन परदेशातल्या खेळाडूशी खेळतं. पण सामन्याच्या हॉलमध्ये फोन नेता येत नाही. पटावर फक्त तू आणि तुझं डोकं.

अभ्यासाचा नियमही हाच ठेवा ना. सरावाला यंत्र, परीक्षेला डोकं. डाव खेळून झाल्यावर इंजिन लावा आणि विचारा, माझी चूक कुठं झाली. गणित आधी स्वतः सोडवा, मग तपासायला मोबाईल उघडा. निबंध स्वतः लिहा, मग यंत्राला विचारा, कोणतं वाक्य ढिलं पडलं. दिव्याच्या स्वागताला आपण विमानतळावर ढोल वाजवतो आणि घरी येऊन पोरीच्या हातातला फोन हिसकावतो. या दोन गोष्टी एकत्र कशा बसतात?

मला माहीत आहे, कोणी तरी म्हणेल, "अहो, ऑस्ट्रेलियानं बंदी घातली, स्वीडननं पुस्तकं परत आणली, तुम्ही कुठं राहता?" बरोबर. पण पूर्ण वाचा. ऑस्ट्रेलियानं डिसेंबर २०२५ पासून १६ वर्षांखालच्यांच्या सोशल मीडिया खात्यांवर बंदी आणली. अभ्यासाच्या व्हिडिओवर नाही, खातं न उघडता व्हिडिओ पाहायला तिथंही मनाई नाही. आणि जबाबदारी कंपन्यांवर टाकली, पोरांना दंड नाही. स्वीडननं २०२३ मध्ये छापील पुस्तकांवर पुन्हा भर दिला, कारण तिथं शाळेत स्क्रीन अती झाली होती. आमच्या जि.प. शाळेत स्क्रीन अती झाली आहे का? ज्याचं पोट फुगलं त्याचं पथ्य उपाशी माणसाला सांगू नका. युनेस्कोनं २०२३ च्या अहवालात विचारलेला प्रश्नच योग्य आहे, शिक्षणातलं हे साधन नेमकं कोणाच्या अटीवर चालणार? मी म्हणतो, पोरांच्या अटीवर. कंपनीच्या नाही, आणि पाहुण्यांच्या टाळ्यांच्याही नाही.

उपाशी का म्हणालो, ते सांगतो. बालभारतीच्या पुस्तकांवर क्यूआर कोड छापलेले असतात. स्कॅन केला की 'दीक्षा' ॲपवर त्या धड्याचे व्हिडिओ, स्वाध्याय उघडतात. फुकट. ही कल्पना कोण्या परदेशी कंपनीची नाही. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या जि.प. शाळेत रणजितसिंह डिसले नावाच्या मास्तरनं पुस्तकाला क्यूआर कोड चिकटवून हे सुरू केलं आणि २०२० मध्ये जागतिक शिक्षक पुरस्कार मिळवला. दहा लाख डॉलर. त्यातले अर्धे त्यानं अंतिम फेरीतल्या बाकी नऊ शिक्षकांत वाटून टाकले. आता मी गेल्या आठवड्यात आमच्या भागातल्या एका शाळेत सातवीच्या पोरांना तो काळा-पांढरा चौकोन दाखवून विचारलं, हे काय आहे? एक जण म्हणाला, "डिझाईन हाय, सर." वर्गात तेहतीस पोरं. एकानंही कधी स्कॅन केला नव्हता. मास्तरांनीही नाही. पोरांच्या दप्तरात रोज खजिना चालला आहे आणि आपण त्याला नक्षी समजून राहिलो.

शाळेत स्मार्ट टीव्हीही आहे. त्यावर चादर आहे. चादरीवर धूळ. "बिघडला तर जबाबदारी कोनाची?" असं उत्तर मिळालं. बिल थकलं म्हणून वीज कापलेल्या जि.प. शाळांच्या बातम्या तर मीच कितीदा दिल्या. टीव्ही द्यायला मंत्री येतात, फोटो निघतो. विजेचं बिल भरायला कोणी येत नाही, कारण बिलासोबत फोटो निघत नाही.

मेळघाटातलं हरिसाल आठवतं? देशातलं पहिलं डिजिटल गाव म्हणून गाजलं होतं. २०१९ च्या लोकसभा निवडणुकीत राज ठाकरेंनी भर सभेत व्हिडिओ लावून त्या गावाची अवस्था दाखवली आणि मग दोन्ही बाजूंनी महिनाभर धुरळा उडाला. धुरळा खाली बसल्यावर हरिसालच्या पोरांचं पुढं काय, हे विचारायला किती जण गेले? आता ऑगस्ट २०२५ मध्ये आपल्याच जिल्ह्यातलं, अमरावती रोडवरचं सातनवरी 'स्मार्ट आणि इंटेलिजंट' गाव म्हणून जाहीर झालं. चांगलं झालं, अभिनंदन. पण उद्घाटनाच्या दिवशीची बातमी सगळे देतात. दोन वर्षांनी त्या शाळेतला संगणक सुरू आहे की चादरीखाली, ही बातमी द्यायची जबाबदारी माझी आणि माझ्या भावाबंदांची. ती मी इथं सर्वांसमोर घेतो.

आणि साधन महागच लागतं असं नाही. २०२० च्या टाळेबंदीत आकाशवाणी नागपूरवरून 'शाळेबाहेरची शाळा' लागायची. प्रथम संस्था आणि प्रशासनानं मिळून केलेला कार्यक्रम. ज्या घरी मोबाईल नव्हता तिथं रेडिओभोवती पोरं बसायची. सह्याद्री वाहिनीवर 'टिलीमिली' लागायची. रेडिओ, टीव्ही, मोबाईल, एआय, पेटी कोणतीही असो. पोराजवळ मोठं माणूस बसलं की ती पेटी शाळा होते. पोराला एकटं सोडलं की बाजार.

मग करायचं काय? मोठं काही नाही.

मायबापांनो, मोबाईल काढून घेऊ नका, जागा ठरवून द्या. घराच्या मधल्या खोलीत, दिवा लावून, दार उघडं ठेवून. वेळ ठरवा आणि ती वेळ तुम्हीही पाळा. आणि जो नियम पोरीला तोच पोराला. रोज एक प्रश्न विचारा, "आज मोबाईलवर काय नवीन शिकलीस, मले सांग." तुम्हाला गणित येत नसलं तरी चालेल. सांगताना तिचं पक्कं होतं.

गुरुजी आणि मॅडम, चादर काढा. बिघडला तर बिघडू द्या, वापरून बिघडलेला टीव्ही हा धूळ खाऊन बिघडलेल्यापेक्षा बरा. आठवड्यातून एक तास पोरांना शिकवा की शोधायचं कसं, खोटी माहिती ओळखायची कशी, नको त्या माणसाला ब्लॉक कसं करायचं, ओटीपी कोणाला का द्यायचा नाही. 'असर'च्याच आकड्यांत, सोशल मीडिया वापरणाऱ्या पोरांपैकी जवळपास ४० टक्क्यांना ब्लॉक किंवा रिपोर्ट करता येत नाही. म्हणजे आपण त्यांना विहिरीजवळ जाऊ नको म्हणतो, पोहायला मात्र शिकवत नाही.

जिल्हा परिषदेच्या आणि महानगरपालिकेच्या साहेबांनो, नवीन यंत्र देण्याआधी जुन्याचं वीजबिल आणि इंटरनेट भरा. शाळेत किती टीव्ही दिले हा आकडा नको, गेल्या महिन्यात किती तास चालले तो आकडा फलकावर लावा.

आणि पोरांनो, पोरींनो. तुम्हाला शेवटी सांगतो, कारण दिवसभर तुम्हालाच सगळे सांगत असतात. मोबाईलवर शिकताना मान खाली घालू नका. तुम्ही चोरी करून नाही राहिले. फक्त स्वतःला फसवू नका. तासभर पाहून वहीत एक ओळ उतरली नसेल, तर तो अभ्यास नव्हता, हे तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे. यंत्राला विचारायला लाजू नका. ते हसत नाही, चिडत नाही, दहाव्यांदा विचारलं तरी सांगतं. पण ते चुकतंही, आणि चुकताना फार आत्मविश्वासानं चुकतं. म्हणून पुस्तकाशी ताडून पाहा. पुस्तकं बालभारतीच्या संकेतस्थळावर फुकट आहेत, विश्वकोशाचे खंड ऑनलाईन आहेत, आयआयटीच्या प्राध्यापकांची व्याख्यानं एनपीटीईएलवर आहेत. माझ्या वेळी यातलं काही वाचायचं तर सीताबर्डीला जावं लागे आणि खिशात पैसे लागत.

त्या पोरीचं काय झालं? मी तिच्या मायला म्हणालो, "ताई, बातमी माझी चुकली." ती जरा वेळ पाहतच राहिली. पेपरवाला चूक मान्य करतो हे तिला नवीन होतं. मग म्हणाली, "मंग देऊ का मोबाईल?" मी म्हणालो, द्या, पण पोराकडून घेऊन द्या. काल रस्त्यात भेटली. संध्याकाळी सात ते नऊ मोबाईल पोरीचा, असं घरात ठरलं आहे. पोरगं चिडलं आहे. चिडू द्या.

पेपरात चूक झाली की आतल्या पानावर बारीक टायपात शुद्धिपत्र छापतात, कोणी वाचत नाही. म्हणून माझं शुद्धिपत्र इथं, मोठ्या अक्षरात वाचा. मागच्या महिन्यातल्या माझ्या बातमीत "विद्यार्थ्यांनो, मोबाईलपासून दूर राहा" असं छापून आलं. ते "मोठ्यांनो, मोबाईल घेऊन पोरांजवळ बसा" असं वाचावं.

पटलं तर तुमच्या शाळेच्या ग्रुपवर टाका. नाही पटलं तर खाली भांडा, मी आहे. आणि पुढच्या सत्काराला कोणी पाहुणे पुन्हा "फेका" म्हणाले, तर फक्त एवढंच विचारा, "साहेब, आधी तुमचा कुठं फेकता?"